नायट्रो ट्रक तापतोय? आधी हवा बघा, मग नीडल फिरवा

ग्वाल्हेरच्या मे महिन्यात, बाहेर लू सुटलेली असताना, रिमोटवर चालणारा नायट्रो ट्रक तापला तर कुणालाच नवल वाटत नाही. नवल वाटतं ते जानेवारीत. स्वेटर-मफलर घालून मैदानात उभं राहायचं, तोंडातून वाफा निघतायत, आणि उन्हाळाभर नीट पळालेला तोच ट्रक दोन-तीन चकरा मारून चिरक्या आवाजात किंचाळतो आणि बंद पडतो. मग गरम असेपर्यंत पुन्हा सुरू व्हायचं नाव नाही. शहरातल्या लष्कर भागातली कॉलेजची मुलं हे गाऱ्हाणं घेऊन येतात तेव्हा त्यांचा सूर एकच असतो : "काका, एवढ्या थंडीत इंजिन तापेलच कसं? टेम्परेचर गन बिघडली असणार."

गन बहुतेक वेळा ठणठणीत असते. थंडीमुळेच इंजिन आतून तापू शकतं. हे उलटं गणित एकदा पटलं की पुढची शोधाशोध निम्म्याने कमी होते, म्हणून आधी तेच बघू.

नायट्रो इंजिन हे छोटं टू-स्ट्रोक इंजिन. ट्रकमध्ये साधारण अडीच ते साडेचार सीसीचं असतं. त्यात स्पार्क नसतो. ग्लो प्लगमधल्या प्लॅटिनमच्या तारेवर मिथेनॉलची रासायनिक क्रिया होते आणि त्या उष्णतेवर तार लाल राहते. सुरुवातीला बॅटरीने तार तापवायची, पुढे इंजिन आपलं आपण चालतं. इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण. गाड्यांच्या इंधनात नायट्रो बहुधा 20 ते 30 टक्के असतं. तेलात सिंथेटिकबरोबर थोडं एरंडेलही घालतात, कारण सिंथेटिक तेल हार मानतं त्या तापमानालाही एरंडेलाचा थर धातूला धरून राहतो. लहानपणी नाक दाबून ज्यांना ते पाजलं गेलं त्यांनी या निमित्ताने त्याला माफ करायला हरकत नाही.

या इंजिनात वेगळं ऑइल-चेंबर नाही, रेडिएटर नाही. वंगण इंधनातूनच येतं आणि थंडावाही बराचसा इंधनातूनच. माठातलं पाणी झिरपून उडून जाताना माठ गार करतं, तसं मिथेनॉल वाफ होताना भोवतालची उष्णता ओढून घेतं. एक किलो मिथेनॉलची वाफ व्हायला सुमारे 1,100 किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे पेट्रोलच्या तिपटीहून थोडी जास्तच. तेव्हा इंजिनात इंधन कमी पडलं की तीन गोष्टी एकदम घडतात : मिश्रण जास्त गरम जळतं, तेल कमी पोहोचतं आणि गारवाही घटतो. या अवस्थेला लीन म्हणतात. इंधन जास्त झालं तर रिच. रिच इंजिन धूर सोडतं, सुस्त पळतं, तेल ओकतं, प्रसंगी बंदही पडतं. पण मरत नाही. लीन इंजिन काही मिनिटं झकास पळतं आणि मरतं. खरी फसगत इथेच आहे, कारण मरायच्या आधी ते सगळ्यात वेगवान असतं.

आता जानेवारीकडे येऊ. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी पारा 45 पर्यंत जातो आणि जानेवारीच्या सकाळी 5 च्या आसपास उतरतो. दाब तोच धरला तर 5 अंशांची हवा 45 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 14 टक्के जड असते. म्हणजे प्रत्येक घोटात तेवढा ऑक्सिजन जास्त. कार्बोरेटरच्या नीडलमधून, म्हणजे इंधन किती सोडायचं ते ठरवणाऱ्या स्क्रूमधून, येणारं इंधन मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. नीडलला कुणी हात लावला नाही, तरी मिश्रण लीन झालं. मे महिन्याची सेटिंग जानेवारीत चालवणं म्हणजे कुणीतरी गुपचूप येऊन नीडल थोडी बंद करून गेल्यासारखंच.

उंचीचाही हाच हिशेब आहे. इंदूर माळव्याच्या पठारावर, साधारण 550 मीटरवर. ग्वाल्हेर 200 च्या आसपास. इंदूरच्या मावसभावाने तिकडे जुळवून दिलेला ट्रक इथे आणला की हवा दाट मिळते आणि इंजिन किंचित लीन होतं. दमट हवेत उलट, वाफेने ऑक्सिजनची जागा खाल्लेली असते, म्हणून पावसाळ्यात तेच इंजिन जरा रिच वाटतं. सेटिंग कागदावर लिहून ठेवायची सवय चांगली, पण आकड्याशेजारी महिना लिहिला नसेल तर तो कागद निरुपयोगी आहे.

आकडा कुठला धरायचा

बहुतेक माहितीपत्रकांत 200 ते 270 फॅरनहाइट अशी मर्यादा छापलेली असते, म्हणजे साधारण 93 ते 132 सेल्सियस. हे तापमान इंजिनच्या डोक्यावर, ग्लो प्लगच्या अगदी जवळ मोजायचं. गन बाजूच्या पंखांवर, म्हणजे उष्णता बाहेर सोडणाऱ्या धातूच्या पात्यांवर, रोखली तर आकडा कमी येतो. चकचकीत अॅल्युमिनियमवर तर इन्फ्रारेड गन सरळ खोटं बोलते, कारण असा पृष्ठभाग उष्णतेचे किरण फार कमी सोडतो. म्हणून वरून, प्लगच्या खळग्यात, जवळून मोजा. आणि करोनाच्या काळात घरोघरी आलेली कपाळाची गन इथे चालत नाही. माणसाच्या तापापलीकडे तिला मोजता येत नाही.

गन नसेल तर पाण्याचा थेंब. ट्रक पळवून आणल्याबरोबर डोक्यावर एक थेंब सोडा. तीन ते पाच सेकंदांत चुरचुरत उडाला तर ठीक. पडताक्षणी नाहीसा झाला तर जास्त गरम. नुसताच बसून राहिला तर इंजिन थंड, बहुधा रिच. एक थेंबच हं. तापलेल्या इंजिनावर बाटली ओतणारे पाहिले आहेत. अशा धक्क्याने धातू वाकतो, तडकतो.

पण हा आकडा डोक्याच्या कातडीचा आहे, आतल्या पिस्टनचा नाही. डोकं 120 वर असेल तर मे महिन्यात बाहेरच्या हवेशी त्याचा फरक 75 अंशांचा असतो, जानेवारीत 115 चा. त्यामुळे थंडीत डोकं भराभर निवतं, गन 105 दाखवते आणि आत पिस्टन कोरडा घासत असतो. काही जण यावर उपाय म्हणून आकडा वाढवायला नीडल आणखी बंद करतात. हा तर खुनाचाच प्रकार. थंडीत आकडा कमी दिसणं साहजिक आहे. तो वाढवायचाच असेल तर डोक्याच्या काही पंखांभोवती स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, नीडलला हात लावू नका. माझं मत विचाराल तर गनवर चार आणे विश्वास ठेवावा आणि धूर, आवाज, प्लग यांच्यावर बारा आणे.

धूर : पूर्ण वेगात असतानाही मागे बारीक पांढुरकी रेघ दिसलीच पाहिजे. आवाज : थ्रॉटल सोडल्यावर इंजिन लगेच खाली बसलं पाहिजे, काही सेकंद उंच सुरात घोंगावत राहिलं तर लीन. प्लग : काढून उजेडात धरा. तार चकचकीत आणि ओलसर असेल तर उत्तम. करडी, पिचकलेली, वेडीवाकडी असेल तर लीन चाललंय.

तापतो तरी केव्हा?

कुणीही "तापतोय" म्हटलं की मी पहिल्यांदा हेच विचारतो, कारण उत्तरातच अर्धं निदान असतं.

सरळ पट्ट्यात पूर्ण वेगाने पळवताना तापत असेल, आधी जोरात ओढून मग एकदम दम तुटल्यासारखं होत असेल, तर हाय-स्पीड नीडल बघा. घड्याळाच्या उलट दिशेने 1/8 फेरा उघडा, दोन-तीन चकरा मारा, मग पुन्हा मोजा. लगेच मोजून काही कळत नाही. इंजिनाला नव्या मिश्रणावर स्थिरावायला वेळ लागतो. एका वेळी 1/8 पेक्षा जास्त नको. सगळी जुळवाजुळव इंजिन गरम असतानाच करायची, थंड इंजिनावर केलेली सेटिंग दहा मिनिटांत खोटी ठरते.

उभा असताना किंवा हळू चालवताना तापत असेल तर लो-स्पीड नीडल. ही हाय-स्पीड नीडल जुळल्यानंतरच तपासायची. इंजिन आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न देता मंद चालत, ठेवून कार्बोरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबा. दोन-चार सेकंद चालून, सूर जरासा चढून बंद पडलं तर बरोबर. दाबताक्षणी बंद पडलं तर लो-स्पीड लीन आहे. बराच वेळ चालत राहिलं तर रिच. आयडलचा स्क्रू अगदी शेवटी. आयडल चढवून लो-स्पीडमधला दोष झाकायची युक्ती लोकप्रिय आहे, पण त्याने क्लच अर्धवट धरून राहतो आणि तोही तापतो.

काल ठीक होता, आज एकाएकी तापायला लागला, हवाही बदललेली नाही, तर नीडलकडे जाऊच नका. काहीतरी फुटलंय, सुटलंय किंवा तुंबलंय. नीडल उघडून तात्पुरतं भागेल, पण फट मोठी होत जाईल आणि तुम्ही उघडत जाल.

नीडल ऐकत नसेल तर

इथे खरा वेळ घालवावा असं मला वाटतं, कारण बहुतेक जण इथेच कंटाळतात. इंजिनात कार्बोरेटरला वळसा घालून हवा शिरत असेल तर मिश्रण लीन होणारच, आणि तेही लहरीपणाने : कधी ठीक, कधी कडक गरम, आयडल वर-खाली. आज जुळवलेली नीडल उद्या जुळत नाही, हे हवागळतीचं पक्कं लक्षण. जागा ठरलेल्या आहेत. कार्बोरेटर क्रँककेसमध्ये बसतो तिथली ओ-रिंग, मागच्या बॅकप्लेटचं गॅस्केट, पुढचं बेअरिंग, कार्बोरेटरच्या नळीचा सांधा.

यात ग्वाल्हेरची धूळ मदतीला येते. जिथून हवा आत जाते तिथून तेलही थोडं बाहेर पाझरतं आणि त्यावर धूळ चिकटून काळा लगदा होतो. इंजिन पुसून कोरडं करा, एक टाकी चालवा, आणि लगदा पुन्हा कुठे जमतो ते बघा. संशय असेल त्या सांध्यावर आयडलला असताना आफ्टर-रन तेलाचा (ट्रक चालवून झाल्यावर इंजिनात सोडतात त्या तेलाचा) एक थेंब सोडा. सूर बदलला तर फट तिथेच. आणखी खात्री हवी असेल तर इंजिन थंड झाल्यावर काढा, एक्झॉस्ट आणि बाकीची तोंडं बंद करून पाण्यात बुडवा आणि कार्बोरेटरच्या तोंडाला नळी लावून मोठ्या सिरिंजने हवा सोडा. बुडबुडे जागा दाखवतात. पुढच्या बेअरिंगमधून एखाद-दुसरा बुडबुडा येणं चालतं, धार लागली तर नाही. नंतर इंजिन नीट वाळवून आत तेल सोडायला विसरू नका, नाहीतर बेअरिंग गंजेल. तोंडाने मात्र फुंकू नका आणि टाकीतलं इंधन तोंडाने ओढून तर कधीच काढू नका. मिथेनॉल हे विष आहे, थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात. त्याची ज्वाळाही भर उन्हात जवळपास दिसत नाही, म्हणून इंधन भरताना जवळ सिगारेट, मेणबत्ती काही नको.

दुसरी जागा म्हणजे टाकी आणि तिच्या नळ्या. ट्यून्ड पाइपवरच्या (धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्यावरच्या) निप्पलपासून टाकीपर्यंत एक सिलिकॉनची नळी जाते. धुराचा दाब टाकीत सोडून इंधन पुढे ढकलायचं तिचं काम. ती चिरली, सुटली, किंवा निप्पल काजळीने बुजला तर दाब पडतो आणि इंजिन उपाशी राहतं. टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालं तरी तेच. इंधनाच्या नळीला टाचणीएवढं भोक पडलं तर बाहेर थेंबही दिसत नाही, पण आत बुडबुडे पळताना दिसतात. फिल्टर तुंबला की फक्त पूर्ण वेगात त्रास होतो आणि सगळे हाय-स्पीड नीडलला दोष देतात. या नळ्या स्वस्त असतात. संशयात वेळ घालवण्यापेक्षा बदलून टाकाव्यात.

उन्हाळ्याचं स्वतःचं एक कारण इथेच सांगतो. मिथेनॉल सुमारे 65 अंशांना उकळतं. नळी इंजिनच्या डोक्याला किंवा पाइपला टेकत असेल, आणि ट्रक मे महिन्याच्या उन्हात तापत ठेवला असेल, तर इंधन नळीतच वाफ धरतं आणि कार्बोरेटरला इंधनाऐवजी फुगे मिळतात. नळी लांबून फिरवा, टाकी सावलीत भरा.

इंधनही पाहावं. नायट्रोमिथेनमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा फार कमी लागते : किलोमागे सुमारे 1.7 किलो, तर मिथेनॉलला साडेसहाच्या आसपास. म्हणून कमी नायट्रोचं इंधन संपलं आणि दुकानात 30 टक्केवालंच मिळालं, तर नीडल उघडावीच लागते. तशीच ठेवली तर तापणार. नायट्रो बरंच वाढवलं तर डोक्याखाली एखादी शिम (पातळ चकती) वाढवून कॉम्प्रेशन किंचित कमी करणं आणि थोडा कोल्ड, म्हणजे तार कमी तापणारा, प्लग वापरणं योग्य, नाहीतर मिश्रण वेळेआधी पेटतं आणि प्लगची तार वारंवार जळते. झाकण उघडं राहिलेल्या डब्यातलं मिथेनॉल हवेतली ओल शोषतं, पावसाळ्यात तर फारच. असं इंधन कुठल्याही सेटिंगवर नीट चालत नाही.

आणि कधीकधी इंजिनाचा काहीच दोष नसतो, ते बिचारं ओझं ओढून थकतं. इंजिन बंद ठेवून ट्रक सपाट फरशीवर हाताने ढकला. सहज घरंगळला पाहिजे. अडखळला तर ब्रेक लागून राहतोय (रिमोटवरचं ट्रिम पाहा), एखादं बेअरिंग धुळीने भरलंय, किंवा क्लच बेल (क्लचवरचा लहान दातेरी गिअर) आणि त्याने फिरणारा मोठा स्पर गिअर फार घट्ट बसवलेत. त्या दोघांच्या दातांत साध्या कागदाची पट्टी जेमतेम फिरली पाहिजे. क्लच बेल निळसर पडली असेल तर क्लच घसरतोय, आणि ती उष्णता क्रँकशाफ्टमधून थेट इंजिनात जाते. मोठे टायर बसवण्याची हौस सगळ्यांना असते. टायर मोठे केले तर क्लच बेलचा गिअर लहान करा, नाहीतर ग्वाल्हेरच्या मेळ्याच्या मैदानातल्या पावसानंतरच्या गुडघाभर गवतात कुठलंही इंजिन शिजेल. तसं ते मैदान डिसेंबर-जानेवारीपासून मेळ्याच्याच ताब्यात असतं, 1905 पासूनची परंपरा आहे, त्यामुळे थंडीतले प्रयोग दुसरीकडेच करावे लागतात.

पंखांमधला चिखल जुन्या टूथब्रशने काढा. वरच्या बॉडीला पुढची काच कापलेली असावी आणि मागे हवा बाहेर जायला तिच्याहून मोठं भोक. न कापलेली, सुंदर रंगवलेली बॉडी फक्त कपाटावर शोभते.

हे सगळं तपासूनही इंजिन गरम झाल्यावर बंद पडत असेल तर पिस्टन आणि तो ज्यात वर-खाली होतो ती नळी, म्हणजे स्लीव्ह, बघायची वेळ आली. या इंजिनात पिस्टनला रिंग नसते. अॅल्युमिनियमचा पिस्टन आणि आतून क्रोम दिलेली पितळी स्लीव्ह, आणि ती वरच्या टोकाला किंचित निमुळती. थंड असताना पिस्टन वर अडकतो, तापल्यावर स्लीव्ह फुगून मोकळी होते आणि दोघांचं जमतं. म्हणूनच जानेवारीत सुरू करण्याआधी डोकं हेअर ड्रायरने चांगलं चटका बसण्याइतकं तापवून घ्यावं, नाहीतर त्या घट्ट जागेतून पिस्टन ओढताना कनेक्टिंग रॉडवर ताण येतो. तपासायचं मात्र थंड इंजिनावर : प्लग लावलेला ठेवून फ्लायव्हील हाताने फिरवा. वर पोहोचताना पकड जाणवली पाहिजे. लोण्यासारखं गोल फिरत राहिलं तर स्लीव्ह झिजली आहे. गरम झाल्यावर ती आणखी सैल होणार, कॉम्प्रेशन जाणार, आणि त्याला कुठलीच नीडल उपाय नाही. पिस्टन आणि स्लीव्ह जोडीनेच बदलावी लागते, एकटा पिस्टन जुन्या स्लीव्हमध्ये बसत नाही. उघडलंच आहे तर रॉडही नवा घाला. त्याच्या खालच्या भोकाची झीज डोळ्याला दिसत नाही, पण लीन चाललेल्या इंजिनात तेलाविना सगळ्यात आधी तेच घासलेलं असतं.